दोनदा मोडलेले दत्तक आणि सुरगाण्याचे बोलावणे

प्रश्न थोडक्यात असा. नवरा-बायको नाशिकचे, दोघेही ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेले. ते शाळेत शिक्षक, वय ४१. त्या परिचारिका, वय ३८. एक मुलगी, नऊ वर्षांची. दुसरे मूल दत्तकच घ्यायचे हे लग्नाआधीच ठरलेले. नोंदणी करून साडेतीन वर्षे थांबल्यावर पहिले रेफरल, म्हणजे एका बाळाची माहिती देऊन ‘हे बाळ घ्याल का’ अशी विचारणा, आले. वैद्यकीय अहवालात बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याचे लिहिले होते, घरच्या मोठ्यांनी विरोध केला, आणि विचार करता करता ४८ तास सरले. दुसऱ्या वेळी संस्थेत जाऊन बाळाला मांडीवर घेऊन आले, घरी पाळणा आणला, आणि मग कळले की बाळाची आजी सापडली आहे, बाळ तिच्याकडे जाणार. त्याच महिन्यात एका मिशनचे पत्र आले. सुरगाणा तालुक्यात त्यांचे वसतिगृह आणि लहानसा दवाखाना आहे, जूनपासून दोघेही या, असे बोलावणे. मंडळीतले काही जण म्हणतात, दोन दारे बंद करून देवाने तिसरे उघडले आहे, आता दत्तकाचा विषय सोडा. आणि ताई लिहितात, "आम्ही प्रार्थनेत म्हटलं होतं, प्रभू, आम्हाला मूल दे, आम्ही तुझ्या सेवेला जाऊ. मग त्यानं मूल काढून घेऊन बोलावणं का पाठवलं?"

दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांची होम स्टडी, म्हणजे घरी जाऊन पाहणी, करणे आणि मूल घरी आल्यावर त्या घरी जात राहणे, हे काम मी नाशिक जिल्ह्यात २६ वर्षे करते आहे. शरणपूरच्या मंडळीत लहानाची मोठी झाले. शेवटच्या ओळीतला प्रश्न मी पहिल्यांदा ऐकत नाही, पण तो इतका उघडपणे फार थोडे लोक विचारतात.

आधी उत्तर सांगते, कारणे नंतर. जूनमध्ये बिऱ्हाड हलवू नका. दत्तकाची नोंदणी काढू नका. मिशनला नकारही देऊ नका, मुदत मागा. आणि या दोन गोष्टींची प्रार्थनेत जी गाठ बांधली गेली आहे ती आधी सोडवा, कारण मला खरी काळजी तिची वाटते.

जे दोनदा मोडले ते दोन्ही वेळा सारखे नाही. तुम्ही पत्रात दोन्हींना ‘नकार’ म्हटले आहे, म्हणून सावकाश सांगते.

पहिल्या वेळी नकार तुमच्याकडून गेला. त्याचे ओझे ताईंच्या अक्षरात दिसते. "मी नर्स असून त्या बाळाला नाही म्हटलं," असे त्या लिहितात. ताई, ४८ तास ही मुदत बाळ राखून ठेवण्यासाठी असते. त्यानंतर संस्थेत जाऊन भेटायला, आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यायला वेळ मिळतो. ही तपासणी मागणे पालकांचा हक्क आहे. तुम्हाला कोणी हे नीट समजावले नसावे. ‘हृदयाला छिद्र’ या दोन शब्दांत वर्षभरात आपोआप बुजणारे छिद्रही येते आणि शस्त्रक्रिया लागणारेही. ते कळायच्या आत सासू, जाऊ, मामा, सगळ्यांची बैठक बसली आणि भीतीने निर्णय घेतला. चूक म्हणायची तर एवढीच, की कागद डॉक्टरांकडे जाण्याआधी नातेवाइकांकडे गेला. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा. आणि त्या बाळाची वाट तुमच्यापाशी संपली नाही. एका कुटुंबाने राखून ठेवले नाही की रेफरल दुसऱ्या कुटुंबाकडे जाते. विशेष गरजा असलेल्या मुलांना घरे मिळतात, माझ्या हातूनच अनेकांना मिळाली आहेत.

दुसऱ्या वेळचे अगदी वेगळे. बाळाला कायद्याने ‘दत्तकासाठी मुक्त’ ठरवण्याआधी बाल कल्याण समितीला त्याच्या घरच्यांचा शोध घ्यावा लागतो. टाकून दिलेले बाळ दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिने, त्याहून मोठे असेल तर चार महिने. आई-वडिलांनी स्वतः समितीपुढे येऊन मूल सोपवले असेल तर त्यांना मन बदलायला ६० दिवस मिळतात. हे सगळे होऊन गेल्यावरच मूल दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर दिसते, म्हणून रेफरलनंतर असे घडणे विरळा. तुमच्या बाबतीत तो शोधच अर्धवट झाला होता, ते उशिरा लक्षात आले, फेरचौकशी झाली आणि आजी सापडली. ज्या कार्यालयात हे राहून गेले त्यांच्यावर तुमचा राग आहे, तो रास्त आहे. एका अपुऱ्या कागदामुळे तुमच्या घरात पाळणा आला आणि रिकामा राहिला. याची लेखी तक्रार करा, आणि तिच्यात हेही मागा की जुळणी पालकांच्या दोषाविना मोडली अशी नोंद व्हावी, म्हणजे रांगेतली ज्येष्ठता जाणार नाही. एकूण तीनच रेफरल मिळतात, म्हणून ही नोंद महत्त्वाची आहे. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

पण राग शांत झाला की एक गोष्ट बघा. तुम्ही त्या बाळासाठी दोन महिने रोज प्रार्थना केलीत, असे लिहिले आहे. काय मागितलेत? त्याला घर मिळो, त्याची माणसे त्याला मिळोत. ती त्याला मिळाली. तुम्ही ती माणसे नव्हता, याचे दुःख खरे आहे आणि ते दाबू नका. बाळ मांडीवर घेऊन आलेल्या आईचा पान्हा मनात फुटलेला असतो, त्याला दिवस द्यावे लागतात. मी अशा घरांत जाते तेव्हा पहिल्या भेटीत कागद काढतच नाही. तरी हे दुःख म्हणजे देवाने तुम्हाला दिलेली शिक्षा, असे मी कधीही म्हणणार नाही.

शरणपूरच्या माणसाने हे विसरता कामा नये. आपण ‘शरणपूर’ हे नाव रोज घेतो, सिग्नलचे नाव म्हणून, रस्त्याचे नाव म्हणून. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ साली सुरू झाले आणि १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही ख्रिस्ती वसाहत वसवली. नाव ठेवले ते अर्थ मनात धरूनच. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली जात. त्यांना लिहायला-वाचायला, सुतारकी, लोहारकी शिकवत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७२ मध्ये तो इथून आफ्रिकेला गेला, मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शोधात निघालेल्या मदतीच्या तुकडीतून. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत त्याने शवपेटीला खांदा दिला. ही गोष्ट आम्हाला शब्बाथशाळेत अभिमानाने सांगत, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण या कामात आल्यावर मला तिची दुसरी बाजू दिसायला लागली. तो याओ जमातीचा मुलगा. ‘जेकब वेनराइट’ हे नाव त्याच्या आईने ठेवलेले नव्हे, मिशनमध्ये मिळालेले. त्याची आई कुठेतरी होती. त्याला शोधणारे, समितीपुढे येऊन ‘हा आमचा’ म्हणणारे कोणी येऊच शकत नव्हते. तुमच्या बाळासाठी आजी येऊ शकली. दीडशे वर्षांत आपण एवढे पुढे आलो, आणि तेही देवाच्याच दयेने, असे मी मानते.

आता मंडळीतले लोक म्हणतात ते बंद दारांचे. यात माझी स्वतःची एक चूक सांगायलाच हवी. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी देवळालीच्या एका बाईंना धीर द्यायला म्हटले, "देवाच्या मनात असेल तर मिळेल." त्यांची फाइल तेव्हा एका कार्यालयात सात महिने कुणाच्या तरी टेबलावर नुसती पडून होती. माझ्या त्या वाक्यानंतर त्यांनी पाठपुरावा सोडला. त्यांना वाटले, आता धावपळ केली तर तो अविश्वास ठरेल. वर्षाने कळले तेव्हा मी त्यांच्या दारात जाऊन क्षमा मागितली. टेबलावर अडकलेली फाइल आणि देवाची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी फोन करायचा असतो.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातला सोळावा अध्याय सगळे उघडतात, तोच तुम्हालाही कोणी वाचून दाखवला असेल. पौलाला आशियात वचन सांगायला मनाई झाली, बिथुनियात जाऊ दिले नाही, मग त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला आणि तो मासेदोनियाला गेला. बरोबर. पण पौलाच्या मनाईत कोणाचे मूल नव्हते. तिथे एक रस्ता सोडून दुसरा घ्यायचा होता. तुमच्यापुढे रस्त्यांचा प्रश्न नाही. मूल वाढवणे आणि सुरगाण्यात सेवा करणे यांत एक घेतले की दुसरे सुटते, असे कुठे लिहिले आहे? ते लोकांनी ठरवले, कारण दोन्ही पत्रे एकाच महिन्यात आली. टपालाच्या तारखा जुळल्या म्हणून अर्थही जुळलाच पाहिजे असे नाही.

आणि आता ती गाठ. "मूल दे, आम्ही सेवेला जाऊ." मला माहीत आहे, ही प्रार्थना रात्री दोन वाजताची असते, आणि देवबाप अशा प्रार्थनांवर रागावत नाही. बायबलमधल्या हन्नेनेही मुलासाठी नवस केला होता. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत फेब्रुवारीत किती आया ओंजळीत मेणबत्ती धरून हेच मागताना दिसतात, मी त्यांच्याकडे कधी वरून बघितलेले नाही. पण माझ्या कामात मी पाहिले आहे, की जे मूल नवसाच्या बदल्यात येते त्याच्यावर फार लवकर ओझे पडते. ते रडले, आजारी पडले, शाळेत मागे राहिले, तेराव्या वर्षी "तुम्ही माझे खरे कोण?" म्हणून ओरडले, की आई-वडिलांना वाटते, आपला देवाशी झालेला व्यवहार फिसकटला. मूल कुठल्याच व्यवहारातला हप्ता नसतो. पाचारण, म्हणजे देवाचे सेवेसाठी बोलावणे, खरे असल्याची खूणही मूल नसते. तसेच सुरगाण्यातल्या माणसांना तुम्ही नवस फेडायला आलेले लोक नकोत, त्यांना नर्स हवी आणि गणित शिकवणारा मास्तर हवा. म्हणून दोघे बसून प्रार्थना वेगळ्या करा. एक दिवस फक्त मुलासाठी, त्यात मिशनचे नाव नको. एक दिवस फक्त सुरगाण्यासाठी, त्यात मुलाचे नाव नको. दोन-तीन महिन्यांत कळायला लागते की दोन्ही आस स्वतःच्या पायावर उभ्या आहेत की एक दुसरीच्या आधाराने उभी होती. माझ्या ओळखीचे एक जोडपे यातून गेले तेव्हा त्यांना कळले की मिशनची त्यांना फारशी ओढ कधी नव्हतीच, ते फक्त घरातल्या शांततेपासून पळत होते. दुसऱ्या एका जोडप्याला उलट कळले. ते आज पेठ तालुक्यात आहेत, दत्तक घेतलेल्या मुलासह.

व्यवहाराकडे येते. मूल येण्याच्या बेतात असताना घर हलवले तर काय होते? होम स्टडीचा अहवाल तीन वर्षे चालतो. तुमची प्रतीक्षा त्याहून लांबली, म्हणजे तो एकदा नवा झालेला असणार. तारीख आजच तपासा. त्या अहवालात तुमचे घर, शेजार, उत्पन्न, प्रकृती, घरातल्या मुलीचे मत हे सगळे आहे. बिऱ्हाड, नोकरी आणि उत्पन्न एकदम बदलले की तो अहवाल तुमचा राहत नाही, पुन्हा करावा लागतो. तो नवा होईपर्यंत रेफरल आले तर संस्थेच्या दत्तक समितीपुढे तुम्ही एक पत्ता सांगाल आणि कागद दुसरा. मी त्या समितीच्या टेबलाशी बसलेली आहे. तिथे अशा विसंगतीचा अर्थ कोणी मायेने लावत नाही, आणि लावूही नये, कारण त्यांना फक्त बाळाचा विचार करायचा असतो.

मिशनचे मानधन कमी असेल याची भीती धरू नका. माझ्या अनुभवात थोडके पण नियमित उत्पन्न चालते. अडते ते ‘प्रभू पुरवील’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा. प्रभू पुरवितोच, पण अहवालात ते कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात, हे लिहावे लागते. मिशनकडून पत्र घ्या: मानधन किती, किती वर्षांचा करार, राहायला घर कसले, आरोग्यविमा आहे का, मुलीच्या शाळेचे काय. जे मिशन हे लेखी द्यायला कचरते तिथे मुलांना घेऊन जाऊ नये, दत्तक असो वा पोटचे.

आणि जागा पाहून या. नाशिकहून सुरगाणा साधारण ९० किलोमीटर. पावसाळ्यात तिकडच्या घाटांत दरड आली की ते ९० किलोमीटर किती होतात हे नर्स असलेल्या ताईंना मी काय सांगू. रात्री बाळाला ताप भरून आकडी आली तर जवळचा बालरोगतज्ज्ञ कुठे, हा प्रश्न विश्वास कमी असल्याचे लक्षण नाही. म्हणून माझे म्हणणे: या वर्षी शनिवार-रविवार जा, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत राहा. कोकणा बोली कानावर पडू द्या. ती कोकणी नव्हे आणि पुस्तकी मराठीही नव्हे. दवाखान्यात आलेल्या बाईला कुठे दुखते हे तिच्या बोलीत कळले नाही तर औषध चुकते. दिवाळीनंतर वसतिगृहात गेलात तर दिसेल की मुले अनाथ नाहीत. त्यांचे आईबाप दिंडोरी-निफाडच्या द्राक्षमळ्यांत कामाला उतरलेले असतात, काम सरले की घ्यायला येतात. हे डोळ्यांनी पाहणे तुमच्यासारख्यांना फार गरजेचे आहे, आणि त्याचे कारण पुढे सांगते.

मिशनला इतके लिहा, की दत्तकाचा आदेश हाती येईपर्यंत आम्ही नाशिकमधून येऊन-जाऊन काम करू, आदेशानंतर राहायला येण्याचा निर्णय कळवू. आदेश आता न्यायालयातून येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, १ सप्टेंबर २०२२ पासून, तो जिल्हाधिकारी देतात. मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी भेट होते. आदेशानंतर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात स्थलांतर करायला अडचण नाही, फक्त होम स्टडी करणाऱ्या संस्थेला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आधी कळवायचे. सुरगाण्याला येऊन भेटीचा अहवाल लिहायला मला स्वतःला आवडेल. मिशनने ‘जून नाहीतर कधीच नाही’ म्हटले तर ते पाचारण कितपत होते आणि रिकामी जागा भरण्याची घाई कितपत, हे तुम्हीच ओळखा.

आता ते कारण, वसतिगृहातली मुले अनाथ नाहीत हे आधी डोळ्यांनी का पाहायचे त्याचे. तुम्ही तिकडे जायला लागलात, मूल दत्तक हवे आहे हे गावात कळले, की एक दिवस कोणीतरी सात महिन्यांच्या गरोदर बाईला घेऊन येईल. "सिस्टर, हिला चौथं आहे, नवरा दारू पितो, तुम्हीच न्या." हे मी कल्पनेने सांगत नाही. बाई हात जोडून उभी असेल, तुम्ही चार वर्षे थांबलेले असाल, आणि सोबत आलेला मनुष्य म्हणेल, हेच तर देवाचे उत्तर. कृपा करून ते बाळ घेऊ नका. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ८० प्रमाणे ठरलेली प्रक्रिया डावलून असे मूल देणे-घेणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. मध्ये पैसे आले तर ती मुलाची विक्री ठरते, कलम ८१, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण मी कायद्याच्या भीतीने सांगत नाही. त्या बाईला ६० दिवस विचार करायला मिळाले पाहिजेत. तिला रेशन, उपचार, नवऱ्यापासून संरक्षण मिळाले तर ती मूल ठेवील का, हे तिला कोणीतरी विचारले पाहिजे. ते विचारणारी व्यक्ती तिच्या बाळाची वाट बघणारी असून चालत नाही. तुम्ही तिला दवाखान्यात न्या, मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकाला फोन करा, बाल कल्याण समितीची वाट दाखवा आणि स्वतः त्या बाळाच्या रांगेतून बाजूला व्हा. मिशनरी म्हणून तुमची पहिली मोठी परीक्षा बहुधा हीच असेल. पंथ, वादविवाद, विरोध हे सगळे तिच्यापुढे सोपे.

फोटोंबद्दल एक कडक शब्द. तुम्ही लिहिता की दुसऱ्या बाळाचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रार्थनेसाठी टाकला होता. तो आजच्या आज काढा, ज्यांनी पुढे पाठवला त्यांनाही काढायला सांगा. काळजी आणि संरक्षणाखालच्या मुलाची ओळख उघड करायला याच कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ते मूल आता एका आजीचा नातू आहे. त्याच्या आईने त्याला कसे सोडले हे दोनशे लोकांना माहीत असण्याचे कारण नाही. पुढे मिशनची वार्तापत्रे निघतील, देणगीदारांना साक्ष हवी असेल. तुमच्या मुलाची गोष्ट त्यात देऊ नका. ती त्याची आहे, त्याने मोठेपणी सांगावी किंवा सांगू नये.

पाळकसाहेबांनी ‘बाळ आले की लगेच बाप्तिस्मा’ म्हटले, असेही पत्रात आहे. ते प्रेमानेच म्हणाले असतील. पण आदेश येईपर्यंत बाळ तुमच्याकडे दत्तकपूर्व संगोपनात असते, तुम्ही कायद्याने आई-वडील झालेले नसता. आदेश येऊ द्या, तुमची नावे लावलेला जन्मदाखला मिळू द्या, मग सगळी मंडळी बोलवा. आणि तो जन्मदाखला हाती आला की जरा थांबून बघा. माझ्या आई-वडिलांच्या पिढीत ख्रिस्ती जोडप्याला हे मिळत नव्हते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी, त्यात बौद्ध, जैन, शीख धरलेले. आपल्याला १८९० च्या पालक आणि पाल्य अधिनियमाखाली फक्त पालकत्व मिळे, तेही मूल सज्ञान झाले की संपणारे. माझ्या काकांनी असे एक मूल वाढवले. शाळेच्या दाखल्यापासून मृत्युपत्रापर्यंत प्रत्येक कागदावर ते ‘पालक’ राहिले, ‘वडील’ कधीच झाले नाहीत. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात दत्तकपणाच्या आत्म्याविषयी वाचताना त्यांचा आवाज बसायचा. बाल न्याय कायद्याने २००० नंतर वाट उघडली आणि १९ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर स्पष्ट सांगितले की कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते. ही याचिका करणारी स्त्री एका मुलीची आई होती, जिला तिच्या वैयक्तिक कायद्याने आई म्हटले नव्हते. देव कुणाच्या हातून आपल्याला काय देतो ते बघा.

राहिला पहिल्या बाळाचा प्रश्न. ताई विचारतात, प्रायश्चित्त म्हणून आम्ही आता विशेष गरजा असलेले मूलच मागावे का? प्रायश्चित्त म्हणून मुळीच नको. मात्र तुम्हाला खरोखर तसे मूल वाढवता येईल असे वाटत असेल, तर ती वाट वेगळी आहे आणि तिथे थांबणे कमी असते. ताईंचे शिक्षण त्यात मोठी जमेची बाजू आहे. फक्त मग सुरगाण्याचा विचार नव्याने करावा लागेल, कारण दर महिन्याला नाशिकला तपासणीसाठी यावे लागणारे मूल आणि घाटापलीकडचे घर यांचा मेळ बसवणे कठीण. तसे झाले तर काही वर्षे तुमचे मिशन नाशिकमध्येच असेल. त्याला कमी लेखू नका.

शेवटी तुमची लेक. पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे: ती पाळणा आवरू देत नाही. होम स्टडीत मी घरातल्या मोठ्या मुलांशी नेहमी एकटीने बोलते, आई-वडिलांना स्वयंपाकघरात पाठवून. ही मुले मोठ्यांना न सांगितलेले सगळे सांगतात. बहुधा तिला वाटत असेल की बाळ आले नाही कारण तिच्याकडून काहीतरी चुकले, किंवा बाळासारखे तिलाही कोणी परत नेईल. "देवानं नेलं" असे तिला सांगू नका. मुलांच्या कानाला त्याचा अर्थ मरण असा लागतो. सरळ सांगा: बाळाला त्याची आजी सापडली, तो आता आजीच्या घरी आहे, आपल्याला रडू येते कारण आपण त्याला आपलं म्हटलं होतं. तिच्यासमोर रडलात तरी चालेल. ती अजून रात्रीच्या प्रार्थनेत त्याचे नाव घेत असेल तर घेऊ द्या. सुरगाण्याला पहिल्यांदा जाल तेव्हा तिला सोबत न्या, वसतिगृहातल्या तिच्या वयाच्या मुलींबरोबर जेवायला बसवा, आणि परतताना एसटीत तिला काय वाटले ते विचारा. पाळण्याचे काय करायचे तेही तिलाच विचारा.